महाडची वाट आणि अडकलेले चाक

मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, दासगाव आणि मग महाड. ही नावे आपल्या वस्तीतल्या बायाबापड्यांना शाळेतल्या कवितेसारखी पाठ असतात. २० मार्च जवळ आला की वर्गणी निघते, गाडी ठरते, भाकऱ्या बांधल्या जातात आणि रात्री-अपरात्री 'जय भीम'च्या गजरात गाड्या सुटतात.

स्वतः बाबासाहेबांना मात्र १९२७ च्या डिसेंबरात या वाटेने जाता आले नाही. धरमतरवरून मोटारीने महाड गाठायचे, तर मोटारवाले ऐनवेळी आपल्या माणसांना घेणार नाहीत अशी धास्ती होती. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदराला उतरले आणि तेथून पाच मैल पायी चालत महाडला पोचले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दासगाव आज महामार्गावरचेच गाव आहे. पुष्कळांच्या गाड्या तिथून भरधाव निघून जातात आणि पोरांना कोणी सांगत नाही की, बाळांनो, इथून पुढे ती माणसे पायी गेली.

आणखी एक प्रवास आपण विसरू नये. १९२९ साली चाळीसगावला एकही तांगेवाला बाबासाहेबांना घेऊन जायला तयार होईना. आपल्याच बांधवांनी तांगा भाड्याने घेतला, पण हाकायला बसला तो कधी तांगा न हाकलेला माणूस. पुलावर चाक दोन दगडांत अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जाणता हात मिळाला नाही, म्हणून तो अपघात झाला.

चाक अडकण्याची आमची हकिकत त्यामानाने अगदीच किरकोळ. पण दरवर्षी हजारो कुटुंबे जुन्या-नव्या गाड्यांतून या वाटेने जातात, त्यातल्या दहा-वीस जणांना तरी ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही सातजण निघालो. गाडी धाकट्या मेहुण्याची, जुन्या गाड्यांच्या दलालाकडून घेतलेली. बरोबर आमची आत्या होती. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, सत्तावीस साली चवदार तळ्यावर होते असे घरात सांगत आले आहेत. आत्याने जन्मभर चाकरी केली, पण २० मार्चला महाड पाहणे तिच्या नशिबी आले नव्हते. 'नशिबी' हा शब्द तिला चालत नाही. ती म्हणते, रजा मिळाली नव्हती. यंदा म्हणाली, "पुढल्या साली पाय राहतील का नाही सांगता येत नाही, मला न्या."

या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात किती खडी गाड्यांच्या चाकांखाली आली असेल ते कोकणवाल्यांनाच विचारावे. माणगाव सोडून लोणेऱ्याच्या अलीकडे झुंजूमुंजू झाले आणि डाव्या बाजूचे मागचे टायर बाजूने फाटले. पंक्चर असते तर जोडले असते. फाटलेल्याला इलाज नाही, स्टेपनीच लावायची. मेहुण्याने पाना काढला, चार नट सैल केले. पाचवा काही केल्या पान्यात बसेना.

तो नट निराळाच होता. मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाके महाग, चोरीला जातात. म्हणून प्रत्येक चाकाला एक नट असा बसवतात की तो साध्या पान्याने फिरू नये. त्याला सहा पैलू नसतात, डोक्यावर फुलासारखी किंवा वेड्यावाकड्या दातांची खाच असते. त्या खाचेचा उलटा साचा असलेले बोटभर लोखंडी सॉकेट म्हणजे त्याची चावी. चावी नटात बसवायची, चावीवर पाना लावायचा, मग नट फिरतो. सेटागणिक साचा वेगळा. चावीवर किंवा सोबतच्या कार्डावर नंबर असतो, त्यावरून दुसरी चावी मागवता येते, पण तिला दिवस लागतात. आम्हाला तर तळे गाठायचे होते, तेही ऊन चढायच्या आत. दलालाला फोन लावला, त्याने उचललाच नाही. गाडी विकताना त्याने कागद दिले, चावी दिली नाही आणि असा नट आहे हे सांगितलेही नाही.

पहिल्या पंक्चरवाल्याला झोपेतून उठवले. त्याने एक जुने सॉकेट नटावर ठोकले, पण ते गरगर नुसतेच फिरले. पाहतो तर नटाच्या बाहेरून सैल कडी बसवलेली, ती मोकळी फिरते आणि आतला नट जागचा हलत नाही. चोराला दमवायची युक्ती! तो म्हणाला, "साहेब, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." एक ट्रकवाला थांबला, त्याने हवेच्या गनने झटका द्यायचा सल्ला दिला. हा सल्ला कोणी मानू नये. गनच्या झटक्याने खाचेचे दात तुटतात, आणि मग खरी चावी मिळाली तरी ती बसत नाही.

पंक्चरवाल्यानेच मग लोणेऱ्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानाचा पत्ता दिला. लोणेरे म्हणजे जिथे १९८९ साली बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले ते गाव. दुकानातला मुलगा मात्र विद्यापीठातला नव्हे, आयटीआयचा फिटर. वय पंचवीसेक. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. 'जय भीम' झाला. तो मोटारसायकलवर सामान टाकून आमच्याबरोबर आला.

त्याने हत्यार काढायच्या आधी विचारले, "दादा, नीट शोधलंत का?" आणि स्वतःच कुठे शोधायचे ते सांगत गेला. स्टेपनीखालचा खड्डा, जॅकची पिशवी, पुढचा कप्पा, सीटखाली, दारांचे खिसे, मधल्या हाताच्या टेकूखालची पेटी. म्हणाला, दहातल्या बऱ्याच गाड्यांत ती इथेच कुठेतरी निघते, गॅरेजवाले काम झाल्यावर कुठेही टाकून देतात. आमच्या गाडीत नव्हतीच.

मग काम सुरू झाले. आधी त्याने दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढून घेतला, आम्हा सर्वांना रस्त्याच्या कडेला लांब बसवले. गाडी जॅकवर उचलली नाही. मेहुण्याला घाई झाली होती, तो जॅक लावू लागला तसे पोराने हात धरला. "दादा, नट सैल होईस्तोवर चाक जमिनीवरच. वर उचलून हातोडा मारला तर गाडी खाली येते, आणि खाली कोण असेल त्याच्यावर येते." डोळ्यांवर चष्मा चढवला. बारीक छिन्नीने ती सैल कडी थोडी थोडी करून फोडली. त्याला पाऊण तास गेला. कडी निघाल्यावर आतला नट उघडा पडला. त्यावर त्याने नटापेक्षा किंचित लहान मापाचे, आत बारा कोपरे असलेले जुने सॉकेट ठेवले आणि हातोड्याने सरळ ठोकून घट्ट बसवले. जुनेच का? कारण ते पुढे नटासकट फेकून द्यावे लागते. मग लांब दांडा, दांड्यावर पाईप, आणि हिसका न देता सावकाश वजन. 'कट्ट' असा आवाज झाला. मला वाटले नट तुटला. तो हसून म्हणाला, "सुटला."

तेवढ्यावर निघायला आम्ही तयार होतो, पण तो म्हणाला उरलेल्या तीन चाकांनाही हेच नट आहेत. रात्री परतताना दुसरे टायर गेले तर? त्याचे म्हणणे पटले. पुढचे दोन याच युक्तीने निघाले, आता हात बसला होता. चौथ्यावर सॉकेट घसरू लागले. तिथे त्याने आधी बॅटरीची तार सोडवली, कारण वेल्डिंगच्या करंटने गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रे जळू शकतात. टायरवर ओले पोते टाकले. लॉकनटाच्या डोक्यावर मोठा साधा नट ठेवून तो आतून वेल्डिंगने भरला. दोन्ही एकजीव झाले. थोडे निवू दिले आणि साध्या पान्याने फिरवले. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो, म्हणून असा नट बहुधा हलका निघतो. हे काम मात्र ज्याला येते त्यानेच करावे. चाकाचा अलॉय तापून बिघडू शकतो आणि बाहेरून ते दिसतही नाही.

चार साधे नट त्याच्या डब्यात निघाले. ते लावण्याआधी त्याने दोन गोष्टी ताडून पाहिल्या. आट्याचे माप तेच आहे का, आणि नटाचा चाकावर टेकणारा भाग निमुळता आहे की गोल. हा भाग चाकाच्या खळगीशी जुळला नाही तर नट घट्ट वाटतो पण चालत्या गाडीत ढिला होतो. पहिले आटे हाताने चढवले, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. एका बाजूने ओळीने आवळले तर चाक तिरपे बसते. "पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा आवळा," एवढे दोनदा सांगितले.

या सगळ्या वेळात आत्या त्याच्या आईकडे जाऊन बसली होती. ती घटका-घटकेला निरोप पाठवी, "झालं का रे?" साडेनऊ वाजून गेले होते. महाडात गाड्या बाहेरच अडवतात, पुढे चालावे लागते, आणि उन्हात ती किती चालेल याची आम्हा सगळ्यांना काळजी. पोराने नटांसकट नऊशे रुपये सांगितले. मेहुण्याने सवयीने घासाघीस सुरू केली. आत्या गाडीत बसता बसता ओरडली, "गप रे! आपल्या बापाच्या मेहनतीचा भाव लोकांनी पाडला, आता तू ह्याचा पाडतोस?" मेहुण्याने गुमान पैसे मोजले. पोराने त्यातले शंभर आत्याच्या हातात ठेवले. म्हणाला, "आजी, तळ्यावर माझ्या नावानं मेणबत्ती लावा. आज दुकान सोडून मला येता यायचं नाही. दिवसभर असेच लोक येतील."

दासगाव आले तेव्हा मी मुलांना बोटीची गोष्ट सांगितली. पुढे महाडच्या वेशीआधी डोंगरात गांधारपाल्याची लेणी रस्त्यावरूनच दिसतात. ही बौद्ध लेणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराने चैत्यगृह, भिक्खूंच्या खोल्या आणि पाण्याच्या पोढी दान दिल्याचे कोरले आहे. महाडला जाणाऱ्यांनी परतताना तासभर काढून वर जरूर जावे. ज्या गावात पुढे माणसाला पाण्यासाठी लढावे लागले, त्याच गावाच्या डोंगरात कोणी एकाने येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंसाठी पाणी कोरून ठेवले होते.

तळ्याचा इतिहास आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, कागदावर तळे खुलेच होते. तरी मार्च १९२७ च्या परिषदेला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० तारखेला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आणि त्यानंतर १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. कोर्टकज्जा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. अपेक्षेप्रमाणे गाडी बाहेर अडली. समता सैनिक दलाच्या दोन मुलांनी आत्याला खुर्चीत बसवून उचलले. तिला ते पटले नाही, पायऱ्यांशी ती उतरली आणि शेवटचे अंतर काठी टेकत चालली. पाण्याला हात लागला तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त दोन्ही तळहात डोळ्यांना लावले आणि मग मला म्हणाली, "त्या पोराची मेणबत्ती विसरशील."

मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झाले. दुपारी क्रांतिस्तंभ पाहिला, तिथे आत्याने मुलांना स्तंभासमोर उभे करून फोटो काढायला लावला. संध्याकाळी परतताना कोलाडला चहाला थांबलो. मेहुण्याने पाना काढून चारही चाकांचे नट तपासले. तीन चाकांचे जागचे हलले नाहीत. स्टेपनीचा एक नट पाव फेरा फिरला.