ड्रेनस्टॉप

नेटवर्कच्या लॅबमध्ये मला सगळ्यात आवडलेली कमांड म्हणजे ‘एनएलबी ड्रेनस्टॉप’! विंडोज सर्व्हरच्या अशा क्लस्टरमध्ये जास्तीत जास्त ३२ मशिन एकच आयपी वाटून घेतात. दर सेकंदाला प्रत्येक जण ‘मी आहे’ असा हार्टबीट पाठवतो. पाच ठोके चुकले, की बाकीचे त्याचा लोड आपसांत वाटून घेतात. नुसतं ‘स्टॉप’ दिलं तर चालू कामं मध्येच तुटतात. ‘ड्रेनस्टॉप’मध्ये मात्र नवीन काम घ्यायचं नाही, हातातलं पुरं करायचं, मगच थांबायचं.

हे शिकलो आणि साताऱ्याचे आमचे अण्णा आठवले. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी नवीन कापड घेणं बंद केलं. पण घेतलेला प्रत्येक कपडा दिवाळीच्या आत शिवून दिला. मग मशीनवर कव्हर घातलं. एका शब्दानं तक्रार नाही.

कमांड एका मशिनला देतो, पण लोड दुसऱ्यावर जातो. आमच्या घरात तो दादावर गेला. बारावीनंतर तो एमआयडीसीत लागला, म्हणून मी आज सांगलीत होस्टेलवर आहे. यंदा कॅम्पस आहे... आता क्लस्टरमधला पुढचा होस्ट मी!