किनाऱ्याची वाळू किनाऱ्याला

डी वाय, सिडनी
सोमवार, रात्री

ती. आई,

पोचल्याचा फोन झालाच आहे, म्हणून प्रवासाचं फार लिहीत नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला इथे मोठ्याने बोलता येत नाही, पातळ भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात. त्यापेक्षा कागदावर लिहून फोटो दादाच्या फोनवर टाकत जाईन. वहिनी वाचून दाखवेल. अक्षर वाकडं आलंय, बोटं गारठलीत.

थंडी म्हणजे काय सांगू! पहाटे आठ डिग्री. घरं बाहेरून देखणी, पण आत शिरलं की लादीतून गारवा वर चढतो. दोन स्वेटर, त्यावर जावयांचं जाकीट आणि वर तुझी गोधडी घेऊन बसले आहे. रात्री कुळथाची पिठी आणि गरम भात केला तेव्हा कुठे जिवात जीव आला. तुझी नात दोनदा वाढून घेऊन जेवली.

तू दिलेली आमसुलं मात्र गेली. विमानतळावरच्या तपासणीत पिशवीत दोन बिया निघाल्या आणि त्या अधिकाऱ्याने अख्खी पिशवी डब्यात टाकली. बिया वेचून काढून देते म्हटलं, तर त्याने वर बघितलंसुद्धा नाही. मग माझे सँडल उलटे करायला लावले. तळाच्या खाचांत आपल्या दारातली वाळू अडकली होती. ती ब्रशने घासून, धुऊन काढली तेव्हा सुटका झाली. बाहेरची माती आत येऊ द्यायची नाही हा इथला नियम आहे, तो मला पटतो. पण वयस्क बाईशी बोलायची ही रीत नव्हे. अजून आठवलं की राग येतो.

एक नारळ चार डॉलरला. दोनशे रुपयांच्या वर झाले! आपल्या परड्यात पडलेले उचलायला माणूस मिळत नाही. ऑपेरा हाउस पाहिलं, फोटो पाठवले आहेत.

गुरुपौर्णिमेच्या उधाणाचं पाणी कुठवर आलं ते दादाने सांगितलं नाही. विषय बदलला, म्हणजे वर आलं असणार. बंधाऱ्याचे दगड आणखी खचले का? विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर पिऊ नकोस, वरच्या वाडीतलं मागव. इथला समुद्र जमीन खातो का, असं तू निघताना विचारलं होतंस. उद्या बघायला जाणार आहे.


डी वाय
गुरुवार

आई, खातो. बघून आले.

पिवळ्या डबलडेकर बसने कोलरॉयला उतरले आणि तिथून नॅराबीनपर्यंत वाळूतून चालत गेले. साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त लांब किनारा आहे. नॅराबीनला पोचल्यावर पाय थांबले, कारण थेट आपलं देवबाग. पुढे समुद्र, मग जमिनीची अरुंद पट्टी, तिच्यावर घरं, आणि घरांच्या पाठीमागे पुन्हा पाणी. इथे त्याला लगून म्हणतात, आपण खाडीच म्हटली असती.

2016 च्या जूनमध्ये, 4 ते 6 तारखेला, इथे मोठं वादळ झालं. एरवी लाटा आग्नेयेकडून येतात. त्या वेळी त्या पूर्व-ईशान्येकडून आल्या आणि नेमकं वर्षातलं मोठं उधाण होतं. जो भाग नेहमी आडोशाला असतो, त्यालाच मार बसला. काही ठिकाणी किनारा 50 मीटरपर्यंत मागे गेला. एका घरापुढचा पोहण्याचा हौद मुळापासून सुटून खाली वाळूवर जाऊन पडला.

आता तिथे सात मीटर उंचीची काँक्रीटची उभी भिंत आहे. वाळू चढली की तिचा खालचा भाग झाकला जातो, उतरली की उघडा पडतो. खर्चाचे 80 टक्के घरमालकांचे, बाकीचे राज्य सरकारने आणि इथल्या कौन्सिलने निम्मे निम्मे दिलेले. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये या भिंतीच्या विरोधात शेकडो लोक वाळूवर रांग धरून उभे राहिले होते. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, घरं वाचतात आणि पुळण जाते, हे त्यांचं म्हणणं. आपल्या बंधाऱ्यापुढे रापण ओढायला जागा उरली नाही ती अशीच.

जेवायला हाका मारतायत. पुढचं रात्री.

रात्री. मुडदुशा तळल्या होत्या! इथे व्हाइटिंग म्हणतात, पण जात तीच. किलोला चाळीस डॉलरच्या वर. रवा लावून तव्यावर टाकल्या आणि घरभर तो वास सुटला तसं मला एकदम तुझ्या चुलीपुढे बसावंसं वाटलं. जेवण गेलं नाही फारसं. सोलकढी नाही ना.

तर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दोन विद्यार्थी भेटले. एकाच्या हातात उंच काठी, काठीच्या डोक्यावर उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र. वरच्या वाळूच्या टेकाडापासून सरळ रेषेत पाण्यापर्यंत यायचं, गुडघाभर पाण्यात शिरायचं, प्रत्येक टप्प्यावर काठी टेकवून उंची नोंदवायची. वारा असा की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती मुलं अर्ध्या चड्डीत! हा किनारा 1976 पासून दर महिन्याला असा मोजला जातो. अँड्र्यू शॉर्ट नावाच्या प्राध्यापकांनी सुरुवात केली, आता न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची मंडळी मोजतात. जवळजवळ पन्नास वर्षांच्या नोंदींतून त्यांना कळलं की सुपातले तांदूळ कडेकडेने सरकावेत तशी इथली वाळू सरकते. काही वर्षं उत्तरेचं टोक भरतं आणि दक्षिणेचं झिजतं, मग पुन्हा उलट. एल निन्यो आणि ला निना बदलले की लाटांची दिशा बदलते, तिच्याबरोबर वाळूही.

उत्तरेच्या टोकाला लगूनचं तोंड आहे. भरतीचं पाणी जोराने आत शिरतं आणि समुद्राची वाळू घेऊन येतं. ओहोटीचं पाणी सावकाश जातं, त्याला सगळी परत नेता येत नाही. साठता साठता तोंड बुजतं. मग वरून पाऊस आला की पाणी मागे कोंडून घरांत शिरतं. 2020 च्या फेब्रुवारीत आणि 2022 च्या मार्चमध्ये काठावरच्या लोकांनी ते भोगलं. म्हणून दर काही वर्षांनी तोंडाजवळच्या पुलाच्या दोन्ही अंगांची वाळू खोदयंत्रांनी उपसतात, दर खेपेला हजारो घनमीटर.

आणि आई, ती उपसलेली वाळू डंपरमध्ये भरून दक्षिणेकडे, जिथे किनारा झिजला आहे तिथे नेऊन पसरतात. विकत नाहीत. पुलाजवळच्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांनी हे सगळं हात हलवून हलवून समजावलं. ‘ती तिथूनच आलेली आहे,’ एवढंच त्यांचं कारण.

मी तोंडाजवळची मूठभर वाळू घेतली आणि किनाऱ्यावरची मूठभर. दोन्हींत तोच पिवळसर जाड दाणा, तोच शिंपल्यांचा चुरा. मग लगूनच्या काठाने आत चालत गेले. तिथे बोटभर उकरलं की खाली काळा गाळ, आपल्या खाजणासारखा वास. तो किनाऱ्यावर टाकून चालत नाही. बारीक कण पहिल्याच लाटेत उठतात, पाणी गढूळ होतं आणि तळाचं पाणगवत उजेडावाचून मरतं. काढायची ती तोंडापाशी साठलेली, समुद्राने आणलेली वाळू.


कूलंगाटा, गोल्ड कोस्ट
रविवार, दुपारी

इथे थंडी कमी आहे, सकाळी अंगावर एकच स्वेटर. पण खोलीत चहा करायची किटली बिघडलेली, बदलून मागितली तर खालचा मुलगा ‘बघतो’ म्हणाला तो अजून बघतोच आहे. खालच्या हॉटेलात चहाला पाच डॉलर, आणि तोही नुसतं गरम पाणी आणि पुडी. आलं घातलेला चहा कधी मिळणार!

लेकीला आणि जावयांना गोल्ड कोस्टच्या उंच इमारती दाखवायच्या होत्या, त्या गाडीतून पाहिल्या. मला ट्वीड नदीचं तोंड बघायचं होतं. दोघांनी कुरकुर न करता नेलं, गुणी आहेत.

ही नदी दोन राज्यांच्या सीमेवर समुद्राला मिळते. होड्यांना वाट मोकळी राहावी म्हणून 1960 च्या दशकात तोंडाच्या दोन्ही बाजूंचे दगडी बांध समुद्रात आणखी पुढे नेले. इथली वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. ती बांधापाशी अडली. दक्षिणेला ढीग झाले आणि उत्तरेकडचे कूलंगाटा, किराचे किनारे उपाशी राहिले. बांध एका राज्याचे, झीज दुसऱ्या राज्याला. आपल्याकडे एका वाडीपुढे बंधारा घातला की पुढच्या वाडीचे माड पडतात आणि मग दोन वाड्यांत बोलणं बंद होतं, तेच इथे सरकारांच्या पातळीवर झालं. पण दोन्ही राज्यं एकत्र बसली, करार केला, कायदे केले आणि 2001 पासून पंप लावले.

नदीच्या दक्षिणेला समुद्रात 450 मीटर लांब जेट्टी आहे. तिच्याखाली वाळूत पंप पुरलेत. ते वाळू ओढतात, तिथे खड्डा पडतो, लाटा तो खड्डा पुन्हा भरतात, पंप पुन्हा ओढतात. पाण्यात कालवलेली वाळू नळांतून नदीच्या तळाखालून पलीकडे नेऊन सोडतात. वर्षाला साधारण पाच लाख घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरलास तर पन्नास हजार डंपर झाले, आणि रस्त्यावर एकही नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. सुरुवातीला किराला वाळू इतकी आली की पाण्याखालचा खडक गाडला गेला आणि लोकांना पाण्यापर्यंत लांब चालावं लागे, तेव्हा पुन्हा तक्रारी. 2025 च्या मार्चमध्ये आल्फ्रेड वादळ आलं आणि गोल्ड कोस्टच्या पुळणीचा मोठा भाग वाहून गेला, माणसाहून उंच कडे उभे राहिले. वाळू टाकली म्हणजे समुद्र कायमचा समजूतदार होतो असं कुणी म्हणत नाही. तो नेणार, आपण आणून घालणार. शेताला दरवर्षी खत घालावं लागतं म्हणून शेती कुणी सोडतं का? हे तसंच नेमाचं काम आहे, आणि त्याचे पैसे, यंत्रं, माणसं दरवर्षी तयार ठेवावी लागतात.

येताना द एन्ट्रन्स नावाच्या गावी थांबलो होतो. तिथेही सरोवराच्या तोंडातली वाळू काढून शेजारच्या झिजलेल्या किनाऱ्यावर घालतात. पेलिकन पक्षीही आहेत, फोटोत बघ.


डी वाय
बुधवार, झोप येत नाही म्हणून

दादाचा फोन आला. दोन माड गेले म्हणाला. मधले, बाबांनी लावलेले. तू काही बोलली नाहीस असंही म्हणाला. तू बोलत नाहीस तेव्हाच मला जास्त काळजी वाटते. इकडे आज ऊन पडलं होतं, घर उबदार झालंय, लेक विचारते, ‘आई, काय हवंय?’ मला काय हवंय ते या शहरात कुठून मिळणार?

एक गोष्ट मनात पक्की झाली आहे, ती लिहून टाकते. आपल्या कर्ली नदीच्या तोंडात वाळू साठते. होड्या घासतात म्हणून ती काढायला हवी, हे सगळे मान्य करतात. खाडीतून हातपाटीने निघते, पंपानेही निघते, आणि ट्रकात भरून बांधकामाला जाते. ती गावात राहत नाही. मग किनारा झिजला की डोंगर फोडून काळे दगड आणून त्याच पुळणीवर ओततात. पुळणीची वाळू विकायची आणि तिच्या जागी दगड विकत घ्यायचा! ही वाळू कुणाच्या मालकीचा माल नाही. समुद्राने ती खाडीच्या तोंडात नेली, आपण यंत्राने काढली, तर ती किनाऱ्यालाच परत द्यायला हवी. इथे राहणारे लोक आपल्याहून शहाणे आहेत म्हणून हे करत नाहीत. घरं पडल्यावर, भांडणं झाल्यावर त्यांना ते उमगलं. आपले माड पडतायत, आपणही आता शिकावं.

दादाला हे नीट वाचायला सांग. ग्रामसभेत या गोष्टी लेखी मांडायच्या. पहिली, शाळेतल्या मोठ्या मुलांना घेऊन दर महिन्याच्या ओहोटीला किनारा मोजायचा. पक्के खांब रोवून तिथून पाण्यापर्यंत अंतर आणि उंची वहीत लिहायची. वही नसली तर साहेब म्हणणार, ‘कुठे झीज आहे?’ दुसरी, खाडीच्या तोंडाचा गाळ काढायचं काम निघेल तेव्हा आधी तपासणी मागायची. गाळ वेगळा, जाड वाळू वेगळी, आणि वाळू आपल्या पुळणीवर टाकायची अशी अट निविदेत हवी. पत्तन विभागाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. तिसरी, होमस्टेवाल्यांना सांगायचं की समोरची मर्यादवेल उपटू नका. खुर्च्या मांडायला जागा होते खरी, पण वाळू धरून ठेवणारं तेवढंच उरलंय.

दिव्याच्या अवसेला मोठं उधाण आहे. त्या रात्री समुद्राकडच्या खोलीत झोपू नकोस, वहिनीकडे झोप. गुडघ्याचं तेल कपाटात उजवीकडे आहे. गणपतीच्या आधी पोचते आहे. सगळं मी स्वतः बोलेन, पण अर्ज तोवर थांबवू नका, तो या आठवड्यातच द्या.

तुझी,
बाय