गाडीची नाडीपरीक्षा

वैद्य रोग्याकडे येतो तेव्हां प्रथम औषधाची पिशवी सोडीत नाहीं. तो आधीं रोग्याचें मुख पाहतो, जीभ पाहतो, नाडीवर बोटें ठेवतो आणि दोनचार प्रश्न विचारतो. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र पुष्कळ लोकांचा क्रम उलटा असतो. गाडी कुरकुरूं लागली कीं पाना हातीं घ्यावा, दिसेल तो नट सोडावा, आणि मग बिघडलें काय याचा विचार करावा, अशी त्यांची रीत. विद्यार्थिमित्रहो, गाडीस दिशा देणारें स्टेअरिंग व तिला बळ देणारें इंजिन या दोन अंगांविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों. आम्ही कांहीं व्यवसायानें मिस्त्री नव्हों; शाळेंत गणित व शास्त्र शिकविणें हा आमचा उद्योग. तथापि शाळेच्या कामानिमित्त या मुलुखांतील रस्त्यांवर आम्हीं पुष्कळ वर्षें प्रवास केला आहे, आणि चंद्रपूरच्या गॅरेजांतील बाकड्यावर बसून जें पाहिलें, तें पाठ्यपुस्तकांतील शास्त्राहून निराळें नाहीं, अशी आमची खात्री झाली आहे.

आमचा मुलूख गाड्यांची परीक्षा घेणारा आहे. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या बाजूंस कोळशाचे अवजड ट्रक चालतात व त्यांनीं पाडलेल्या खड्ड्यांतून आपली गाडी उसळत जाते. उन्हाळ्यांत पारा 46 अंशांवर चढतो, तेव्हां रेडिएटरची दशा आपल्यासारखीच होते. आलापल्लीच्या पुढें जंगलांत गाडी बंद पडली, तर मदत येण्यास किती वेळ लागेल हें सांगवत नाहीं. पुण्यामुंबईच्या मनुष्यास गाडीची दुरुस्ती ही खर्चाची बाब वाटत असेल. आपल्याकडे ती कित्येकदां जिवाची बाब असते.

स्टेअरिंगचा विचार करतांना आधीं आपली बैलबंडी डोळ्यांपुढें आणावी. बंडीला दोनच चाकें. तीं आंसावर एकमेकांपासून स्वतंत्रपणें फिरतात. त्यामुळें बंडी वळली कीं बाहेरचें चाक अधिक फिरतें, आंतलें कमी फिरतें, आणि कांहीं तंटा उद्भवत नाहीं. चारचाकी गाडींत मात्र पंचाईत होते. युरोपांतील घोड्यांच्या चारचाकी गाड्यांचा पुढचा आंस पूर्वीं सबंधच्या सबंध मध्यावर फिरत असे. पण त्यास जागा फार लागे, व तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचें भय असे. म्युनिच येथील गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यानें यावर तोड काढली. आंस स्थिर ठेवावा आणि त्याच्या दोन टोकांशीं प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवावें, अशी ती योजना. तिचें पेटंट 1818 सालीं लंडन येथें रुडोल्फ अ‍ॅकरमन यानें घेतलें, म्हणून ती आजही अ‍ॅकरमनच्याच नांवानें ओळखली जाते. मूळ कारागिराचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें.

तींतील भूमिति नववीच्या मुलांस सहज समजेल. गाडी डावीकडे वळत आहे असें समजा. चारही चाकें एकाच मध्यबिंदूभोंवतीं निरनिराळ्या त्रिज्यांचीं वर्तुळें काढीत असतात. पुढचें डावें चाक त्या बिंदूस जवळ, म्हणून त्याचें वर्तुळ लहान, उजव्याचें मोठें. लहान वर्तुळावर चालणाऱ्या चाकास अधिक वळावें लागतें. दोन्ही चाकें सारखींच वळविलीं तर टायर रस्त्यावर घासत जाईल. हा फरक आपोआप पडावा म्हणून जीपसारख्या गाडींत चाकांस जोडलेले दोन आखूड दांडे किंचित् तिरपे ठेवून त्यांस एका लांब दांड्यानें जोडतात. आंस, दोन आखूड दांडे व लांब दांडा मिळून समलंब चौकोन होतो. या लांब दांड्यास टायरॉड म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही टोकांस खोबणींत फिरणारा एकेक गोळा असतो. आजच्या लहान मोटारींत दांड्यांची मांडणी निराळी असते, परंतु तत्त्व हेंच.

आतां दोष कसा शोधावा? चांगला मिस्त्री आधीं विचारतो, "गाडी करते काय?" गाडी एका बाजूस ओढते, कीं स्टेअरिंग थरथरतें, कीं तें सैल लागतें, या तीन तक्रारींचीं कारणें निराळीं आहेत. गाडी ओढत असेल तर प्रथम चाकांची हवा पाहावी. अर्ध्या तक्रारी तेथेंच मिटतात. हवा बरोबर असेल तर पुढचीं दोन चाकें डावीउजवीकडे बदलून पाहावीं. ओढ दुसऱ्या बाजूस गेली तर दोष टायरचा. न गेली तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा एका चाकाचा ब्रेक चिकटला आहे. चिकटलेल्या ब्रेकचें चाक दुसऱ्यापेक्षां अधिक तापतें. थरथर ठराविक वेगासच येत असेल, तर बहुधा चाकांचा तोल गेलेला असतो. झिजलेला टायर हेंही एक वाचण्याजोगें पुस्तक आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला तर ती जास्त होती. एकच कड झिजली तर चाकाचा कोन चुकला आहे.

स्टेअरिंग सैल असेल तर परीक्षा अगदीं सोपी आहे. गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक ओढून, एकानें स्टेअरिंग थोडें थोडें दोन्ही बाजूंस हलवावें आणि दुसऱ्यानें खालीं वांकून पाहावें. हालचाल एका तुकड्याकडून पुढच्या तुकड्याकडे जात असते. जेथें अलीकडचा तुकडा हलतो आणि पलीकडचा हलत नाहीं, तेथें झीज आहे. मग चाक उचलून, गाडी भक्कम ठोकळ्यावर टेकवून, तें वरखालीं धरून हलवावें. खडखड झाली तर बेअरिंग किंवा किंगपिन संशयित. डावीउजवीकडे धरून हलवितां खडखड झाली तर टायरॉडचीं टोकें पाहावीं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं मात्र कोणींही शिरूं नये.

या परीक्षेचें मोल आम्हांस 2018 च्या मे महिन्यांत प्रत्यक्ष कळलें. आमच्या वसतिगृहांतील नववीचा एक विद्यार्थी सुटींत घरीं निघाला होता. त्याचे वडील गोंडपिंपरीहून आलापल्लीकडे काळीपिवळी जीप चालवीत. आम्हांस अहेरीस कांहीं पालकांची भेट घ्यावयाची होती, म्हणून आम्हीही त्याच गाडींत बसलों. गाडी सवाऱ्यांनीं भरलेली होती. दोन बाया तान्हीं मुलें घेऊन बसल्या होत्या. आष्टीच्या अलीकडे एका खड्ड्यांतून गाडी उसळली आणि त्यानंतर स्टेअरिंग निराळ्या रीतीनें हलूं लागलें. आम्हांस त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. मुलगा मात्र पुढें वांकून म्हणाला, "बाबा, गाडी थांबवा जी."

"काहून रे? चालते ना बराबर," वडील म्हणाले. सवाऱ्याही कुरकुरल्या. मुलगा पुन्हां म्हणाला, "पुलाच्या आधीं थांबवा." त्याच्या आवाजांत असें कांहीं होतें कीं वडिलांनीं गाडी एका मोहाच्या झाडाखालीं घेतली. मुलानें सर्वांस उतरविलें, वडिलांस स्टेअरिंग हलवावयास सांगितलें व आपण पुढच्या बाजूनें रस्त्यावर उताणा पडून पाहूं लागला. थोड्याच वेळांत त्यानें वडिलांस खालीं बोलाविलें. टायरॉडच्या उजव्या टोकावरील रबराची टोपी फाटून आंत माती गेली होती, नटमधील स्प्लिट पिन नाहींशी झाली होती, आणि तो नट बोटांनीं फिरत होता. तो गळून पडता आणि टोक निसटतें, तर दोन चाकें दोन दिशांस गेलीं असतीं व स्टेअरिंग हातांत असून नसल्यासारखें झालें असतें. समोर कांहीं अंतरावर वैनगंगेचा पूल होता.

वडील बराच वेळ खालीं बसून राहिले. मग उठून त्यांनीं एकेका सवारीस भाडें परत केलें व दुसऱ्या गाडीनें जावयास सांगितलें. त्या दिवसाची त्यांची कमाई गेली. मुलास ते कांहीं बोलले नाहींत. आपला टॉवेल तेवढा त्यांनीं त्याच्या पाठीवरची माती झटकावयास दिला.

इंजिनाच्या परीक्षेंतही हाच क्रम. पेट्रोल इंजिनास चालण्यासाठीं हवा, इंधन, दाब व योग्य क्षणीं ठिणगी लागते. डिझेल इंजिनांत ठिणगीचें काम दाबानें तापलेली हवाच करते. चांगलें चालणारें इंजिन बिघडलें तर यांपैकीं काय कमी पडलें, हें क्रमानें पाहावें. धूर यांत पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें इंधन अधिक. आपल्याकडील धुळींत प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिनांत ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं असतील. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरांत शिरत असण्याचा संभव. ऑइलची पट्टी काढून पाहावी. तें दुधाच्या चहासारखें दिसलें तर पाणी व तेल एकत्र झालें आहे, आणि हेड गॅस्केट गेलें असावें. अशी गाडी मुळींच पुढें हांकूं नये.

उन्हाळ्यांतील मोठी तक्रार म्हणजे इंजिन तापणें. पाण्याची पातळी, पट्टा, पंखा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या जाळींत अडकलेला पाचोळा, हीं सर्व पाहावीं. कित्येकदां दोष त्या पाचोळ्याचाच निघतो. परंतु तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर गेलें तरी उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब जातो, पाणी एकदम उकळतें आणि तोंडावर येतें. दाब वाढला कीं उत्कलनबिंदु वाढतो, हें वाक्य परीक्षेपुरतें पाठ करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

नव्या गाड्यांत हें सारें संगणक पाहतो, मग माणसानें डोकें कशाला शिणवावें, असें कोणी म्हणेल. स्कॅनर जोडला कीं पडद्यावर सांकेतिक अंक उमटतो हें खरें. परंतु तो अंक लक्षण सांगतो, कारण सांगत नाहीं. पी 0301 असा अंक आला तर पहिला सिलिंडर मिस मारीत आहे एवढेंच कळतें. प्लग वाईट, कॉइल वाईट, इंजेक्टर वाईट कीं दाब कमी, हें शोधणें माणसाकडेच राहतें. जाणता मिस्त्री काय करतो? पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर बसवितो. अंक बदलून पी 0302 झाला तर दोष कॉइलचा. न बदलला तर पुढें शोध. टायर बदलून पाहण्याची जी युक्ति आम्हीं वर सांगितली, तीच ही. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेंतील नियम गॅरेजांतही तितकाच खरा आहे.

आतां पालकांस दोन शब्द. वर सांगितलेल्या मुलाचे वडील पुढल्या वर्षीं शाळेंत आले. मुलगा आय. टी. आय. ला जाण्याचा हट्ट धरून बसला होता. ते म्हणाले, "सर, माझा जन्म ग्रीसमध्यें गेला. पोरगा तरी खुर्चीवर बसावा ना जी." त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नव्हतें, हात काळे करणाऱ्यास समाज कसा वागवितो, हें ते आमच्यापेक्षां अधिक जाणत होते. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें, "त्या दिवशीं मोहाच्या झाडाखालीं गाडी कोणी थांबविली? तें त्यानें हातानें केलें कीं डोक्यानें?" ते निरुत्तर झाले, पण लगेच कबूल झाले असेंही नव्हे, घरांत त्यावर कित्येक महिने बोलणें चाललें. मुलगा 2020 सालीं दहावी उत्तीर्ण होऊन आय. टी. आय. च्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या वर्गांत गेला. आज तो चंद्रपुरांत एका गॅरेजांत काम करतो. नट किती जोरानें आवळावा याचे आंकडे इंग्रजी पुस्तकांत असतात, म्हणून तो अधूनमधून सायंकाळीं तें पुस्तक घेऊन आमच्याकडे येतो, आणि वर्गांत ज्या विषयाचा त्यास कंटाळा होता तो विषय आतां मन लावून वाचतो. वडिलांची जीप तोच तपासतो.

प्रत्येक मुलानें मिस्त्री व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याचा कान आवाजांतला फरक ओळखतो व ज्याचा हात सैल नट जाणतो, त्यास बुद्धि नाहीं असें समजून त्याचा मार्ग अडवूं नये. आणि मुलांनो, ज्यांना या कामाची आवड आहे त्यांनीं भूमिति, पदार्थविज्ञान व इंग्रजी यांचा कंटाळा करूं नये. तुमचीं हत्यारें त्याच पेटींत आहेत.

या सुटींत ज्यांच्या घरीं गाडी असेल त्यांनीं एक काम करावें. सकाळीं इंजिन थंड असतां वडीलधाऱ्यांच्या देखत पाण्याची पातळी, ऑइलची पट्टी, चाकांची हवा व टायरांच्या कडा पाहाव्या, आणि आढळेल तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें. शाळा उघडल्यावर ती वही आम्हांस दाखवावी.