चुस्त की शोख?

पंचेचाळिशी ओलांडलेल्या मास्तरानं स्पोर्टी गाडी बघायला जावं का, हा विषय २०२४ च्या डिसेंबरात आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर चघळला गेला. एक सहकारी म्हणाले, "सर, आता केस पांढरे झाले, गाडी कशाला तांबडी?" मी हसण्यावारी नेलं. पण माझ्याकडे एक कारण होतं आणि ते गमतीचं नव्हतं.

घर कराडला आणि शाळा पाटण रस्त्याला २२ किलोमीटरवर. जायचे-यायचे मिळून रोजचे ४४. ऊसाचा हंगाम लागला की या रस्त्यावर ट्रॅक्टर येतात, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत. आमच्याकडे तेरा वर्षं जुनी हॅचबॅक होती. नोव्हेंबरात एका संध्याकाळी अशाच एका ट्रॅक्टरला ओलांडायला मी बाहेर निघालो. गाडी तिसऱ्या गिअरवर होती. पाय पूर्ण दाबला तरी ती वेगच घेईना. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टर काही संपेना आणि समोरून एसटीचे दिवे. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी साइडपट्टीवर उतरवली म्हणून मी आज हे लिहितोय. शेजारी माझी मुलगी बसली होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. "अब्बा, आपल्याला ताकदीची गाडी पाहिजे." ती एकोणीस वर्षांची आहे, नुकतंच लायसन्स मिळालंय, आणि गाड्यांबद्दल तिला माझ्याहून जास्त कळतं. तिनं वहीत तीन नावं लिहिली. ह्युंदाईची आय-२० एन लाइन, टाटांची अल्ट्रोझ रेसर आणि मारुतीची स्विफ्ट. पहिल्या दोघींवर तिनं चांदण्या काढल्या होत्या.

एन लाइनला एक लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १२० पीएस, टॉर्क १७२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. रेसर जून २०२४ मध्ये आलेली, १.२ लिटर टर्बो, ताकद तेवढीच, टॉर्क १७०, सहा गिअर. स्विफ्टचं नवं इंजिन १.२ लिटरचंच, पण टर्बो नाही. ८२ पीएस आणि ११२ न्यूटन मीटर.

ओलांडताना कामाला येतो तो टॉर्क. एन लाइनला तो दीड हजार आरपीएमलाच पूर्ण मिळतो, रेसरला साधारण पावणेदोन हजारांना. स्विफ्टला त्यासाठी चार हजारांच्या वर जावं लागतं. म्हणजे टर्बो गाडीत ट्रॉलीमागं रेंगाळत असताना नुसता पाय दाबला तरी ती उसळते. बिनटर्बोच्या गाडीत आधी गिअर खाली घ्यावा लागतो, इंजिनाला ओरडू द्यावं लागतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळं 'स्पोर्टी'ला आपला शब्द कोणता, हे डोक्यात घोळत होतं. मराठीत चपळ म्हणता येईल, नाहीतर अवखळ. उर्दूत चुस्त म्हणता येईल, नाहीतर शोख. दोन्हीकडे जोडीतला पहिला शब्द कामाचा आणि दुसरा मिजाशीचा. मला चुस्त गाडी हवी होती. पण खरं सांगायचं तर, लाल रेघा असलेल्या सीटवर बसल्यावर जे वाटलं ते शोखच होतं. टेस्ट ड्राइव्हला दुसऱ्या गिअरमध्ये टर्बोनं पाठीला जो रेटा दिला, त्यानं मी कॉलेजातल्या पोरासारखा हसलो. मुलीनं ते पाहिलं.

मागच्या सीटवर अम्मी होती. तिला मुद्दाम नेलं होतं, कारण रविवारी दवाखान्याला आणि सुट्टीत चिपळूणला जाताना ती तिथंच बसणार होती. तिचे गुडघे आणि कंबर दोन्ही गेलेले. वेगात वळताना गाडी झुकू नये म्हणून अशा गाड्यांचं सस्पेन्शन मुद्दाम कडक ठेवतात. तो दोष नाही, हेतूच आहे. पण स्पीडब्रेकर उतरल्यावर अम्मीनं विचारलं, "रस्ता खराब है, की गाडी?"

मग पैसे. हातात नऊ लाख होते, बऱ्याच वर्षांत साठवलेले. दोन्ही टर्बो गाड्यांची शोरूमची किंमतच तेव्हा साडेनऊ-दहा लाखांपासून सुरू होत होती. त्यावर नोंदणीचा कर आणि विमा. फरक कर्जानं भागला असता. बँकेनं आनंदानं दिलंही असतं. पण व्याजाचा व्यवहार घरात नको, हे अब्बांनी आयुष्यभर पाळलं आणि मीही पाळत आलोय. कोणी घेतलं तर मी त्याला नावं ठेवत नाही, हा ज्याचा त्याचा हिशेब. माझ्यापुरतं एवढंच कळलं, की गरजेसाठी हा नियम मोडावा का यावर वाद होऊ शकतो, हौसेसाठी मोडावा का यावर नाही.

पेट्रोलचाही हिशेब मांडला. महिन्याला बावीस दिवस, म्हणजे ९६८ किलोमीटर. स्विफ्ट आमच्या रस्त्यावर लिटरला २० देईल आणि टर्बो, जोरात चालवली तर, १३ देईल असं धरलं. फरक २६ लिटरचा, १०५ रुपयांनी महिन्याला सत्तावीसशेच्या वर. मुलीच्या कॉलेजच्या बसचा पास, पुस्तकं आणि वर चहा.

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटात एकोणतीस वर्षं, विनाअपघात. लाल डब्यात कसला आला टर्बो! ते म्हणायचे, "ज्याला मागं राहता येतं, त्यानंच पुढं जावं." ओलांडायचं असेल तर आधी अंतर ठेव, गिअर खाली घे, रस्ता दिसला तरच बाहेर नीघ. त्या नोव्हेंबरातल्या संध्याकाळी मी यातलं काहीच केलं नव्हतं. गाडी कमी ताकदीची होती हे खरं. पण तिसऱ्या गिअरवर बाहेर निघालो तो मी. १२० पीएस हाताशी असते तर त्या दिवशी वाचलो असतो आणि चूक तशीच राहिली असती, पुढच्या एखाद्या दिवसासाठी.

हे मी मुलीला सांगितलं. कबूल करायला महिना लागला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग वहीत स्विफ्टवर चांदणी काढली. "पण मॅन्युअल," म्हणाली. "आणि घाट मी चालवणार."

मधलं मॉडेल घेतलं, रोख. सहा एअरबॅग आणि घसरताना सावरणारी ईएसपी त्यातही आहे. गाडी घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं: चाचणी शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. रोजच्या रस्त्यावर घ्या आणि रोज बसणारी माणसं घेऊन घ्या. आणि ज्यांना परवडतं, त्यांनी टर्बो खुशाल घ्यावी. अजूनही एखादी बाजूनं सूं करून गेली की माझा उजवा पाय शिवशिवतो.

जानेवारीत चिपळूणला गेलो. कोयनानगर सोडल्यावर मुलीनं गाडी हातात घेतली. हेळवाकच्या पुढं समोर एक ट्रक लागला. ती मागं राहिली. एक वळण, दोन वळणं. सरळ रस्ता दिसला तेव्हा तिनं गिअर खाली घेतला, इंजिन ओरडलं, आणि आम्ही पुढं होतो. मी दाराची मूठ घट्ट धरून बसलो होतो, ते तिला दिसू दिलं नाही.

चिपळूण जवळ आल्यावर मागं अम्मीला जाग आली. चष्मा पुसत तिनं विचारलं, "घाट कधी येणार?"