नायट्याचं कूळ

झाशीचा माणिक चौक असो की पुण्याची मंडई, उन्हाळ्यात दिवसभर घामात उभं राहणाऱ्या माणसाच्या जांघेत नायटा उठतो आणि दुकानातून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम त्यावर चोळलं जातं. खाज थांबते, बुरशी राहते. गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडचा नायटा चिवट आणि घरभर फिरणारा झाला आहे. अशा बुरशीचं कूळ ओळखल्याशिवाय दिलेलं औषध हा निव्वळ अंदाज असतो, असं माझं ठाम मत आहे. चट्ट्याच्या लालसर, खवलेदार कडेवरून बोथट पात्याने खरवड काढायची, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. कातडीच्या पेशी विरघळतात आणि फांद्या फुटलेले तंतू उरतात. बुरशी आहे, एवढं कळतं. कोणती, ते नाही. वाढवून पाहिली तरी ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनी यांत डोळा फसतो. फरक सापडतो तो डीएनएच्या आयटीएस या तुकड्यात. त्याचा आठवा प्रकार असलेल्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी इंडोटिनी हे नाव दिलं, तेही एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध ज्या विकराला अडवतं, त्यात ३९७व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी ल्युसीन आलं की औषधाची पकड सुटते. इंडोटिनीत हा बदल वारंवार दिसतो.

ही डीएनए तपासणी सगळ्यांना परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ती सगळ्यांची करायचीच नाही. टर्बिनाफिन नीट घेऊनही न हटलेल्या नायट्याची करायची. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: भारतातले नमुने एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत, की आयटीएस जुळलं म्हणून याचाच नायटा त्याला लागला असं म्हणता येत नाही. मान्य. ती वाट शोधायला संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो, आणि तिथेही जपूनच बोलावं. तरी कूळ कळण्याला मोल आहेच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंडोटिनीचे दोन रुग्ण नोंदले गेले. एकीला लागण बांगलादेशात झाली होती; दुसरी अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती. म्हणजे ही बुरशी तिथेच माणसामाणसांत फिरू लागली असावी, आणि नुसता नायटा म्हणून सोडून दिलं असतं तर ते कुणाला कळलंही नसतं.

म्हणून विनंती आहे: नायटा परत परत येत असेल तर नवं मलम लावण्याआधी खरवड तपासायला द्या, आणि आजवर वापरलेल्या ट्यूबा डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.