तीन डॉक्टर आणि एक सिस्टर

मामा म्हटला की सुट्टी, आंबे आणि लाड, एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. माझ्या आणि माझ्या भाच्याच्या नात्यात आणखी एक गोष्ट आहे. आम्हा दोघांच्याही जन्माआधी एकेक नाणेफेक झाली. माझी मी जिंकलो, त्याची तो हरला.

हे कोडे उलगडून सांगायला हवे. माझ्या आईचा धाकटा भाऊ दात पडल्याचे निमित्त होऊन गेला. रक्त थांबेचना. घरात त्याला 'नजर लागली' म्हणत. त्या नजरेचे नाव हीमोफिलिया, हे आम्हाला पुढे माझ्या भाच्यामुळे कळले. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईजवळ अशी दोन एक्स गुणसूत्रे, पुरुषाजवळ एकच. आईच्या दोहोंपैकी एक सदोष होते. मला चांगले मिळाले. धाकट्या बहिणीला सदोष मिळाले, पण वडिलांकडून आलेल्या दुसऱ्याने तिला सांभाळून घेतले. तिच्या मुलाला मात्र सांभाळणारे कोणी नव्हते. त्याच्या रक्तात तो घटक शंभरात एक भागसुद्धा नाही.

आज तो सव्वीस वर्षांचा आहे. हिशेबनीस म्हणून चोख काम करतो. लहानपणी सांध्यात पुन्हापुन्हा रक्त साचून डावा गुडघा अधू झाला, एवढीच बाहेरून दिसणारी खूण. गेल्या वर्षी त्याला स्थळ आले. मुलगी शिक्षिका, माणसे सरळ. आम्ही दुखणे लपवले नाही. लपवलेल्या दुखण्यावर उभी राहिलेली सोयरीक फार दिवस टिकत नाही. मुलीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "मुलाबाळांचे काय?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी ते आम्हाला आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेले. चाळीस वर्षांची प्रॅक्टिस, हाताला गुण, स्वभाव गोड. ते म्हणाले, "मास्तर, काळजी सोडा. आता जीन थेरपी निघाली आहे. एक सलाईन लावायचं, रोग मुळासकट गेला! पुढच्या पिढीलाही धोका नाही."

मुलीचे वडील खूश झाले. भाचा गप्प होता. पुढे गुडघा दाखवायला शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा सहज विषय काढला. ते दचकलेच. "छे, छे! नादी लागू नका. अजून उंदरांवर चाललंय ते सगळं." तिसरे एक तरुण एम. डी. भेटले. ते आत्मविश्वासाने म्हणाले, "महिन्याला कातडीखाली घ्यायचं ते नवीन इंजेक्शन आहे ना, तीच जीन थेरपी."

तीन डॉक्टर, तीन जीन थेरप्या! शाळेत एकाच गणिताची तीन उत्तरे आली की मी समजत असे, निदान दोघांचे तरी चुकले आहे. इथे तिघांचेही चुकले होते.

डॉक्टरांना नावे ठेवायला मी बसलेलो नाही. आठव्या घटकाचा हीमोफिलिया सुमारे पाच हजार मुलग्यांत एकाला होतो. तालुक्याच्या डॉक्टराने आयुष्यात असा एखादाच रोगी पाहिलेला असायचा, आणि नवे शोध त्यालाही आपल्यासारखेच वर्तमानपत्राच्या मथळ्यातून कळायचे. पण मथळा वाचून मी बोललो तर ती गप्पा होते. डॉक्टर बोलले की तो सल्ला होतो, आणि त्या सल्ल्यावर लग्ने ठरतात.

उलगडा केला तो भाचा जिथे नेहमी फॅक्टर घ्यायला जातो, त्या केंद्रातल्या सिस्टरबाईंनी. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि म्हणाल्या, "काका, बसा. आधी वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या करू."

महिन्याच्या इंजेक्शनात जनुक नसतेच. ते एमिसिझुमॅब नावाचे प्रतिपिंड. आठवा घटक रक्तात जो दुवा जोडतो, तो दुवा ते जोडते. औषध थांबले की काही काळाने गुणही ओसरतो. खऱ्या जनुकोपचारात एका विषाणूचे स्वतःचे जनुक काढून टाकतात, आत घटकाचे जनुक भरतात आणि शिरेतून एकदाच देतात. हा टपालवाला यकृतात जातो आणि तिथल्या पेशी घटक तयार करू लागतात. उंदरांचा जमाना केव्हाच मागे पडला. 2022 साली युरोपने आठव्या घटकासाठी आणि अमेरिकेने नवव्या घटकासाठी असे उपचार मान्य केले. अमेरिकेतल्या त्या औषधाची किंमत 35 लाख डॉलर ठेवली गेली.

"मग रोग मुळासकट जातो?" मी विचारले.

"नाही, काका. घटक वाढतो, रक्तस्राव कमी होतात, कित्येकांची नेहमीची इंजेक्शनं सुटतात. पण कोणाचा किती वाढेल हे आधी सांगता येत नाही. आठव्या घटकाचं प्रमाण वर्षागणिक उतरतानाही दिसलंय. शिवाय त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं अंगात आधीपासून असली, तर बहुतेक वेळा देताच येत नाही. एकदा दिलं की ती इतकी वाढतात, की तेच औषध दुसऱ्यांदा घेण्याची वाट बंद. आणि यकृत बिथरलं तर कित्येक महिने स्टेरॉइड."

मग त्यांनी मुलाबाळांचे चित्र काढले. उपचार यकृताला मिळतो. बापाच्या बीजातले जनुक होते तसेच राहते. मुलगा बापाकडून एक्स घेतच नाही. म्हणून मुलीकडच्या घराण्यात हा दोष नसेल, तर भाच्याच्या मुलग्यांना उपचाराशिवायही धोका नाही. पण त्याची प्रत्येक मुलगी बापाचा सदोष एक्स घेऊनच येणार, मग बापाने 35 लाख डॉलरचे सलाईन घेतलेले असो वा नसो. म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे आश्वासन मुलग्यांच्या बाबतीत अनावश्यक आणि मुलींच्या बाबतीत खोटे!

"आणि वेल्लोरचं काय?" आता भाच्याने तोंड उघडले.

"ती वाट निराळी," बाई म्हणाल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रोग्याच्याच मूळपेशी काढून, दुसऱ्या एका विषाणूच्या मदतीने त्यांत आठव्या घटकाचे जनुक घालून त्या परत दिल्या. त्याआधी मज्जा रिकामी करणारी केमोथेरपी घ्यावी लागते. पाच रोग्यांचा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचारानंतरच्या देखरेखीत पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नव्हता. "मोठी गोष्ट आहे. पण पाचच माणसं आहेत, आणि केमोथेरपीचा मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. लग्न ठरवताय, म्हणून सांगते."

त्या वीस मिनिटांत बाई दोनदा म्हणाल्या, "हे मला नक्की ठाऊक नाही, मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगते." माझा विश्वास बसला तो या वाक्यावर.

हीमोफिलियाच्या घराला अर्धवट ज्ञानाची भीती वाटते, ती उगाच नव्हे. 1964 साली ज्युडिथ पूल या बाईंनी रक्तद्रवातून आठवा घटक मिळवण्याची सोपी रीत शोधली. पुढे घटकाची पूड कुपीत मिळू लागली आणि घरच्या घरी टोचून घेण्याची सोय झाली. मग 1980 च्या दशकात कळले, की हजारो लोकांच्या रक्तद्रवातून बनवलेल्या त्या कुप्यांतून एड्सचा विषाणू पसरला. जगभर हजारो रोगी त्याने गेले. औषध टोचणाऱ्या कित्येक हातांचा हेतू चांगलाच होता. आपण काय टोचतो आहोत, ते त्यांना पुरते ठाऊक नव्हते. म्हणून नुसत्या चांगल्या हेतूवर आम्ही समाधान मानीत नाही.

जनुकोपचारात तर गावच्या डॉक्टराचे ज्ञान हे औषधाचाच भाग आहे. युरोपातल्या डॉक्टरांच्या आणि रोग्यांच्या संघटनांनी 2020 साली सुचवले, की औषध मोठ्या केंद्राने द्यावे आणि घराजवळच्या केंद्राने त्याच्याशी जोडून राहून देखरेख ठेवावी. यकृताच्या तपासणीत आकडा चढला, की तो ओळखून त्याच दिवशी फोन करणारे कोणी हवे. ते डॉक्टर नसले आणि सिस्टर असल्या, तरी आमची तक्रार नाही.

लग्नाचे म्हणाल, तर भाच्याने तो कागद स्वतःच मुलीपुढे ठेवला. तिने तो शिक्षिकेच्या नजरेने तपासला आणि विचारले, "म्हणजे मुलगी झाली तर तिला वेळेवर सांगायचं, एवढंच ना?" वैशाखात अक्षता पडल्या. जनुकोपचाराचा विचार त्यांनी पुढे ठेवला आहे. तो निर्णय त्या दोघांचा.

राहता राहिले फॅमिली डॉक्टर. मुलीचे वडील तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेले होते, मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. आता रागावतात की काय, असे मला वाटले. पण त्यांनी कंपाउंडरला हाक मारली, "याची झेरॉक्स काढून आण रे," आणि ती प्रत टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली.