नळी आणि नीरी

परवा हिंगण्याला काकांकडे गेले होते. एमआयडीसीत त्यांचं प्लास्टिकच्या डब्यांचं छोटं युनिट आहे. बोलता बोलता नीरीचा विषय निघाला. करोनात तिथल्या शास्त्रज्ञांनी गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची पद्धत काढली. नाकात काडी नको, नळीतल्या मिठाच्या पाण्याने १५ सेकंद गुळणी करायची आणि परत नळीतच थुंकायचं! २०२१ मध्ये ते तंत्र केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाकडे सोपवलं, लहान कारखानदारांच्या हाती जावं म्हणून.

"मग काका, तुम्ही का नाही केलं?"

"अगं, नळी काय, उद्या काढून देतो. पण ती निर्जंतुक आहे हे तपासणार कोण? तंत्र कागदावर मिळतं, सोबत उभा राहणारा माणूस पाहिजे ना!"

खरंय. पण ३० वर्षांत काका एकदाही नीरीत गेले नाहीत. (मीही कधी सुचवलं नाही म्हणा.) आता ऑर्डरी आटल्यात, युनिट विकायचं घाटतंय. सोमवारी दोघं जाऊन येणार आहोत. काकांनी शर्ट इस्त्रीला टाकलाय.